पर्ल जॅमचा ‘टेन’: १९९१ चं मिक्स की २००९ चं ‘रिडक्स’?

खर्जातला_गंधार

नव्वदच्या दशकात कॅसेट घासून ऐकलेला ‘टेन’, म्हणजे पर्ल जॅम या अमेरिकी रॉक बँडचा पहिला अल्बम, पुन्हा ऐकायला घेतला की आधी ठरवावं लागतं की कुठला ‘टेन’ ऐकायचा. स्ट्रीमिंगवर तीच अकरा गाणी दोन-दोनदा दिसतात, आणि नेमका फरक काय ते तिथे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. बँडचा पहिला कार्यक्रम ऑक्टोबर १९९० चा, आणि मार्च-एप्रिल १९९१ मध्ये सिअ‍ॅटलच्या उत्तरेला शोरलाइनमधल्या लंडन ब्रिज स्टुडिओत निर्माता रिक पराशरबरोबर रेकॉर्डिंग आटोपलंसुद्धा. जूनमध्ये इंग्लंडला डॉर्किंगजवळच्या रिज फार्म स्टुडिओत टिम पामरने मिक्स केलं, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवले. २७ ऑगस्ट १९९१ ला अल्बम आला. पुढची अनेक वर्षं बँडवाले म्हणत राहिले की त्यावर रिव्हर्ब (आवाज विरताना मागे उरणारा घुमारा) जास्त झालाय. शेवटी ब्रेंडन ओब्रायनने मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (ज्यावर प्रत्येक वाद्य सुटं असतं) सगळं नव्याने मिक्स केलं आणि ते मार्च २००९ मध्ये आलं, तो ‘रिडक्स’.

आता इथेच लोक गोंधळतात. २००९ च्या संचात दोन सीडी आहेत. पहिलीवर पामरचंच मिक्स, फक्त मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) नवं आणि आवाज मोठा. दुसरीवर रिडक्स. म्हणजे १९९१ ची सीडी, २००९ चा रीमास्टर आणि २००९ चा रीमिक्स असे तीन ‘टेन’ झाले. ‘रीमास्टर ऐकला, काही फरक नाही’ असं म्हणणाऱ्याने बहुधा रिडक्स ऐकलेलाच नसतो.

माझं मत असं की अख्खा अल्बम एकाच मिक्समध्ये ऐकायचा हट्ट सोडावा. ‘वन्स’, ‘इव्हन फ्लो’, ‘व्हाय गो’, ‘पोर्च’ आणि ‘डीप’ रिडक्सवरून ऐका. ‘ब्लॅक’, ‘ओशन्स’, ‘गार्डन’ आणि ‘रिलीज’ जुन्यावरून. ‘अलाइव्ह’ आणि ‘जेरमी’वर भांडू.

कारण साधं गणिताचं आहे. ‘इव्हन फ्लो’ची लय मिनिटाला १०५ मात्रांच्या आसपास. स्नेअर (करकरीत वाजणारा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे दर १.१४ सेकंदाला एक ठोका. रिव्हर्बची शेपटी दोन सेकंद लांब असेल तर पहिला ठोका विरायच्या आत दुसरा येऊन पडतो आणि मधली जागा कायम भरलेली राहते. त्या जागेत ड्रमर डेव्ह क्रूसन स्नेअरवर जे बारीक बारीक ठोके घेतो ते जुन्या मिक्समध्ये बुडतात, रिडक्समध्ये मोजता येतात. संथ गाण्यात शेपटीला विरायला वेळ मिळतो, त्यामुळे तोच रिव्हर्ब तिथे गोंधळ न करता खोली देतो.

बेसूर_पण_ठाम

मुद्दा पटला, पण तुलना करणारे नव्वद टक्के लोक आवाजाची पातळी न जुळवता करतात आणि मग ‘रिडक्समध्ये जास्त दम आहे’ म्हणतात. अर्धा डेसिबल जरी मोठं असलं तरी कानाला तेच चांगलं वाटतं. २००९ च्या दोन्ही सीडी १९९१ च्या सीडीपेक्षा मोठ्या वाजतात. तेव्हा आधी पातळी जुळवा.

संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर असेल तर दोन्ही फाइल उघडा, इफेक्टमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन निवडा आणि दोन्हींना उणे १८ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा. उणे १४ घेऊ नका, जुन्या सीडीतले स्नेअरचे उंच ठोके वर कापले जायची भीती असते. आणि मोठी फाइल खाली आणायची, लहान फाइल वर ओढायची नाही. मग पूर्ण गाणं न ऐकता २०-३० सेकंदांचा एकच तुकडा आलटून पालटून ऐका. ‘व्हाय गो’ची सुरुवात आणि ‘ब्लॅक’चा शेवट हे दोन तुकडे घेतलेत तर बाकीचं वेगळं तपासायची गरज नाही.

फूबार हा प्लेअर वापरणाऱ्यांचं रिप्लेगेन (पातळी आपोआप जुळवणारी सोय) लावून काम भागतं. त्यातलं एबीएक्स (कुठलं काय ते न सांगता ओळखायला लावणारी चाचणी) मात्र पामर विरुद्ध ओब्रायनसाठी वापरण्यात अर्थ नाही, ते दोन सेकंदांत ओळखू येतात. एबीएक्सचा उपयोग १९९१ ची सीडी विरुद्ध २००९ चा रीमास्टर यासाठी.

स्पॉटिफायवर ‘नॉर्मलाइज व्हॉल्यूम’ चालू ठेवा. एक मेख आहे: अल्बम सलग वाजवला तर ते अल्बमची एकच पातळी धरतात, प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाण्याची वेगळी. त्यामुळे दोन्ही आवृत्त्यांची गाणी एकाच प्लेलिस्टमध्ये टाकून तुलना करा. एक इकडच्या अल्बममधून आणि एक तिकडच्या असं नको.

मधली_सुट्टी

वाचनखूण साठवली. धागाकर्त्याशी मात्र सपशेल असहमत.

अल्बमची सुरुवात आणि शेवट ‘मास्टर/स्लेव्ह’ या एकाच तुकड्याने होतो. ‘वन्स’च्या आधी तो हळूहळू वर येतो, आणि ‘रिलीज’ संपल्यावर परत येतो. जुन्या सीडीवर ‘रिलीज’ नऊ मिनिटांचं दिसतं ते त्यामुळेच. ‘वन्स’ रिडक्समधून आणि ‘रिलीज’ जुन्यातून घेतलं तर या दोन टोकांचा आवाजच जुळत नाही. एक कोरड्या खोलीत सुरू होतं, दुसरं देवळाच्या गाभाऱ्यात संपतं.

शिवाय रिव्हर्ब म्हणजे वर शिंपडलेला मसाला असल्यासारखं आपण बोलतोय. पामरने तिथे नुसतं मिक्स केलं नाही. ‘अलाइव्ह’चा सोलो गिटारवादक माइक मॅकक्रीडीने त्याच्याकडे रिज फार्मला पूर्ण केला, ‘ब्लॅक’च्या सुरुवातीवर तिथेच काम झालं, आणि ‘ओशन्स’मध्ये तालवाद्य म्हणून मिरपुडीची डबी आणि आग विझवायचा सिलिंडर वाजवलाय. हेडफोन लावून ‘ओशन्स’ एकदा फक्त तेवढ्यासाठी ऐका. पावणेतीन मिनिटांचंच तर गाणं आहे. बँडला नंतर काय आवडेनासं झालं हा त्यांचा प्रश्न. अल्बम १९९१ चा आहे तर १९९१ सारखाच वाजू दे.

खर्जातला_गंधार

@मधली_सुट्टी, टोकं जुळत नाहीत हे मान्य. उपाय आहे: पहिलं आणि शेवटचं दोन्ही जुन्यातून घ्या, मधली मिसळा. प्लेअरमधला क्रॉसफेड (गाणी एकमेकांत मिसळणं) बंद आणि गॅपलेस (मध्ये खंड न पडणं) चालू ठेवा, नाहीतर ‘मास्टर/स्लेव्ह’मधून ‘वन्स’मध्ये शिरतानाचा धक्काच नाहीसा होतो.

पण ‘बँडचा प्रश्न’ म्हणून झटकू नका. ओब्रायनने बँडचे पुढचे अल्बम ‘व्हर्सेस’, ‘व्हायटॅलॉजी’, ‘नो कोड’, ‘यील्ड’ केले. बँड प्रत्यक्ष कसा वाजतो हे त्याच्याइतकं जवळून ऐकलेली माणसं थोडी. २००४ च्या ‘रिअरव्ह्यूमिरर’ संग्रहात त्याने ‘वन्स’, ‘अलाइव्ह’ आणि ‘ब्लॅक’ आधीच नव्याने मिक्स केली होती. रिडक्स म्हणजे २००९ मधली अचानक आलेली लहर नव्हे.

सहा_तारा

ऐकणाऱ्यांचं चालू द्या. वाजवणाऱ्यांसाठी रिडक्स हे सरळ अभ्यासाचं साधन आहे. स्टोन गोसार्ड आणि माइक मॅकक्रीडी हे दोघे गिटारवाले त्यात इतके सुटे ऐकू येतात की एका कानातला हेडफोन काढून एकेकाचं वाजवणं उतरवता येतं. जुन्या मिक्सवरून उतरवलेल्या इंटरनेटवरच्या कित्येक टॅबमध्ये (कुठली तार कुठे दाबायची ते सांगणाऱ्या लिपीत) दोन गिटार एकत्र करून एकीला दिल्यात.

सगळ्यात जास्त चुकतं ते ‘इव्हन फ्लो’. गोसार्ड ते ओपन डी ट्यूनिंगमध्ये वाजवतो आणि लोक साध्या ट्यूनिंगमध्ये पॉवर कॉर्ड ठोकत बसतात. मग रिफच्या मागे मोकळ्या तारा ज्या गुणगुणत राहतात त्या मिळत नाहीत, आणि गाणं हाडकुळं वाटतं.

तारा जाड ते बारीक: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. पाचवी आणि चौथी आहे तशीच ठेवायची. सहावी एक सूर उतरवून चौथीच्या खालच्या सप्तकात मिळवा. दुसरी एक सूर उतरवून पाचवीच्या वरच्या सप्तकात. पहिली एक सूर उतरवून चौथीच्या वरच्या सप्तकात. तिसरी अर्धा सूर उतरवायची, आणि चौथी तार चौथ्या पडद्यावर दाबून तिच्याशी जुळवायची. चार तारा सैल केल्या की मानेवरचा ताण कमी होतो आणि न हलवलेल्या दोन तारा किंचित चढतात, म्हणून सगळं एकदा झालं की परत पहिल्यापासून तपासा. नेमक्या सुराच्या खाली जाऊन मग वर चढवत आणा. वरून खाली येऊन थांबलात तर दुसऱ्या कडव्यापर्यंत तार उतरलेली असते.

नऊच्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाडीची) सेटवर सहावी तार डीला लोंबते आणि जोरात मारलं की सुरुवातीला सूर वर पळतो. १० ते ४६ चा सेट घाला. तरंगता ट्रेमोलो असेल तर चार तारा सैल केल्यावर पूल मागे बसतो आणि बाकीचं सगळं चढतं. मागच्या पोकळीत स्प्रिंगच्या ठोकळ्याच्या मानेकडच्या बाजूला लाकडाची पाचर बसवा, नाहीतर या गाण्याला दुसरी गिटार ठेवा. पेग फिरवताना ‘टिक’ असा आवाज आला तर तार नटमध्ये अडकतेय. खाचेत शिसपेन्सिल घासली की सुटते.

दुसऱ्या गिटारवाल्याने साधंच ट्यूनिंग ठेवावं. दोघेही ओपन डीमध्ये गेले तर सोलोची बोटं बदलतात.

कोपऱ्यातला_ड्रमर

आणि कृपया १०५ लाच वाजवा. थेट कार्यक्रमांत ते लोक हे गाणं बरंच पळवतात, ते ऐकून हौशी बँड १२० ला सुरू करतात आणि रिफमधला डोल निघून जातो. मॅकक्रीडीनेच सांगितलंय की या गाण्याचे पन्नास-सत्तर टेक घेतले होते. क्रूसन मे १९९१ मध्ये बँडमधून बाहेर पडला. पुढे १९९२ मध्ये नवा ड्रमर डेव्ह अब्रुझीसबरोबर हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. दोन्ही शेजारी ठेवून ऐका: क्रूसन मात्रेच्या किंचित मागे बसतो, अब्रुझीस पुढे ढकलतो.

एमटीव्हीवर पाहिलेला ‘अलाइव्ह’ आठवून जे ड्रम्स उतरवतात त्यांच्यासाठी: तो व्हिडिओ ऑगस्ट १९९१ मधल्या सिअ‍ॅटलच्या कार्यक्रमाचा आहे, आवाजही तिथलाच आणि ड्रम्सवर मॅट चेंबरलेन. अल्बमशी ताडून बघू नका.

नवखा_७७

‘अलाइव्ह’चा शेवटचा सोलो शिकायला कुठून सुरुवात करावी? वेग झेपत नाही. आणि ‘यलो लेडबेटर’ अल्बमवर का नाही सापडत?

सहा_तारा

लेडबेटर ‘टेन’वर नाहीच. ‘टेन’च्याच सत्रांत रेकॉर्ड झालं, अल्बममधून गळलं आणि १९९२ मध्ये ‘जेरमी’च्या सिंगलमागे आलं. एखाद्या कॅसेटवर ‘टेन’बरोबर ऐकलं असेल तर ती कोणीतरी भरून दिलेली कॅसेट.

सोलोचं म्हणाल तर तो वेगासाठी अवघड नाही, श्वासासाठी आहे. बहुतेक सगळा १२ व्या पडद्याच्या आसपासच्या ई मायनर पेंटॅटॉनिकमध्ये (पाच सुरांच्या सप्तकात) बसतो. मॅकक्रीडीने तो किस बँडच्या एस फ्रेलीच्या ‘शी’मधल्या सोलोवरून घेतल्याचं उघड सांगितलंय, आणि फ्रेलीने तो डोअर्सच्या ‘फाइव्ह टू वन’मधल्या रॉबी क्रीगरवरून घेतला होता. ते दोन आधी ऐका. तिन्हींत एकच छोटी सुरावट फिरवत फिरवत वर चढवत नेण्याची रीत सापडेल. ती बोटांत बसली की मधले सूर इकडचे तिकडे झाले तरी चालतं.

गाणं ७५ च्या आसपास आहे. ५० ला सुरू करा. वेगापेक्षा तार ओढण्यावर लक्ष द्या: पूर्ण सूर वर जायला हवी तिथे पाऊण सूरच ओढली जाते आणि सोलो रडका वाटतो. तपासायला सोपं आहे. ओढून जो सूर हवाय तो दोन पडदे पुढे साधाच वाजवा, मग ओढून तेवढाच येतो का बघा. तिसऱ्या बोटाने ओढताना पहिलं आणि दुसरं बोट त्याच तारेवर मागे टेकवा, जोर मनगटातून आला पाहिजे. एकट्या बोटावर ओढलीत तर चार मिनिटांत बोट दुखेल आणि सूरही खालीच राहील.

ऐकायला जुनं मिक्स बरं की रिडक्स, हा वाद इथे माझ्यापुरता मिटतो. शिकायला रिडक्स, आणि सोलोचं शेपूट विरताना ऐकायचं असेल तर पामर.

चार_तारा_पुरे

‘जेरमी’वर कोणीच बोललं नाही म्हणून. सुरुवातीचा तो चमचमता आवाज गिटारचा समजू नका, तो बेसवादक जेफ आमेंटचा बारा तारांचा हेमर कंपनीचा बेस. बेसच्या चार तारा, आणि प्रत्येकीच्या शेजारी वरच्या सप्तकात मिळवलेल्या दोन बारीक तारा. एका बोटाखाली तीन तारा दाबल्या जातात. त्या दोन बारीक तारा एकमेकींशी केसभर बेसूर राहतातच, त्यामुळे आपोआप कोरससारखी लहर येते.

तो बेस विकत घ्यायला कोणी जाणार नाही. साध्या चार तारांच्या बेसवर जवळपास जाता येतं. अनेक सूर एकदम ओळखणारा ऑक्टेव्ह पेडल (वाजवलेल्या सुरात वरचं-खालचं सप्तक मिसळणारा) लागेल. स्वस्तातला एकच सूर ओळखणारा घेतला तर दोन तारा एकत्र वाजल्या की तो खरखरतो आणि सुरुवातीच्या हार्मोनिक्सवर (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरांवर) तर पार भरकटतो. पेडलमध्ये मूळ आवाज पूर्ण, वरचं सप्तक साधारण निम्मं, खालचं सप्तक शून्य. त्यामागे अगदी हलका कोरस. क्रम हाच ठेवा. कोरस आधी आला तर ऑक्टेव्ह पेडलला हलता सूर मिळतो आणि तो डळमळतो. प्लेक्ट्रमने, पुलाच्या जवळ वाजवा. तरी बारीकपणा कमी वाटला तर दुसऱ्या गिटारवाल्याला तीच ओळ वरच्या सप्तकात, साध्या स्वच्छ आवाजात वाजवायला लावा.

शेवटचा चेलो वॉल्टर ग्रेचा. त्याच्यासाठी रिडक्सच ऐका, जुन्यात तो आवाजांच्या ढगात हरवतो. धागाकर्त्याने भांडायला ठेवलेल्या दोघांपैकी हे एक माझ्या लेखी निकालात निघालं.

फीत_आणि_तबकडी

ज्यांच्याकडे जुनी कॅसेट अजून आहे आणि ती संगणकावर घ्यायची आहे त्यांनी थेट डेकमध्ये घालू नये. आधी कॅसेटच्या मधल्या खिडकीत बघा: पितळी पट्टीवर लोकरीची बारीक गादी असते, तिचा गोंद वाळून ती अनेकदा पडलेली असते. ती नसेल तर फीत हेडला टेकत नाही आणि वरचे सूर गायब होतात. टाकाऊ कॅसेटमधली काढून लावता येते. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले थर सुटतात.

डेकचं हेड, कॅपस्टन (फीत ओढणारी धातूची फिरती काडी) आणि रबरी रोलर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबराला ते फार वेळ लागू देऊ नका. कॅसेटवर दोन डींची डॉल्बी खूण असेल तरच डॉल्बी बी (खरखर कमी करणारी सोय) चालू करा. उलटं केलंत तर झांजा मेल्यासारख्या वाटतात, आणि लोक फितीला दोष देतात.

मग हेडचा तिरकेपणा. आउटपुट मोनो करून ‘व्हाय गो’सारखं झांजांनी भरलेलं गाणं लावा आणि हेडच्या बाजूचा स्प्रिंग असलेला स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहून कमी, इकडे तिकडे फिरवा. झांजा सगळ्यात लखलखीत वाटतील तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं.

वेग तपासायचा असेल तर सीडीशी सूर ताडा. अर्धा सूर म्हणजे जवळजवळ ६ टक्के वेगाचा फरक. पाव सूर चढा असेल तर ३ टक्के, एवढा फरक जुन्या डेकात सर्रास असतो. मोटरच्या मागच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हरने तो जुळवता येतो. वेग खालीवर हेलकावे खात असेल तर पट्टा सैल झालाय, स्क्रू फिरवून काही होणार नाही. रेकॉर्डिंग २४ बिटला घ्या, उंच ठोके उणे ६ डेसिबलच्या खाली राहतील असे.

एलपीवाल्यांसाठी एकच सूचना. अल्बम ५३ मिनिटांचा आहे आणि एका तबकडीवर बसवला की पहिल्या सहा गाण्यांची बाजू २८ मिनिटांच्या वर जाते. २० च्या आसपास असेल तर खाचा रुंद कापता येतात. २८ ला त्या दाटीवाटीने बसतात, म्हणून आवाज कमी ठेवावा लागतो आणि खर्ज आवळावा लागतो. ‘जेरमी’ पहिल्या बाजूच्या सगळ्यात आतल्या खाचांत येतं, तिथे ‘स’ आणि ‘श’ फाटतात. सुई बदलून हे पूर्ण जात नाही. एलपीवर ऐकून ‘जुनं मिक्सच घाणेरडं’ असा निकाल देणाऱ्यांनी तेच मिक्स सीडीवर ऐकावं.

मधली_सुट्टी

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

जाता जाता: इतकं सगळं करून हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला कधी आलाच नाही. १९९२ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि वर कंट्री गायक बिली रे सायरस ठाण मांडून बसला होता.

खर्जातला_गंधार

:)

‘जेरमी’ रिडक्सकडे गेलं असं धरतो, चेलोचा मुद्दा बिनतोड आहे. ‘अलाइव्ह’साठी मात्र मी पामरकडेच. सोलो त्याच्यासमोर पूर्ण झाला, आणि सोलोच्या मागे ताल गिटार जी भिंत उभी करते ती रिडक्समध्ये दोन बाजूंना फाकते. ज्यांना उलट वाटतं त्यांनी @बेसूर_पण_ठाम यांच्या कृतीने पातळी जुळवून सोलो सुरू झाल्यापासून ३० सेकंदांचा तुकडा ऐकावा आणि मग इथे लिहावं.

रिडक्सच्या सीडीवर जी सहा जादा गाणी आहेत (‘ब्रदर’, ‘जस्ट अ गर्ल’, ‘स्टेट ऑफ लव्ह अँड ट्रस्ट’ वगैरे) त्यांच्यासाठी वेगळा धागा काढतो. इथे ‘टेन’ची अकराच ठेवू.

नवखा_७७

५० ला जमतंय. ओढताना दोन पडदे पुढचा सूर ताडून बघितला, पाऊणच जात होता. ६० ला कधी जावं?

सहा_तारा

सलग तीनदा न अडखळता आणि ओढ पूर्ण जाऊन झाली की. एकदम ६० नको, ५४ ला जा.